लिंक्स: स्कॉटलंडच्या वाळूत एका शब्दाचा माग

दिवस पहिला, गुरुवार: एडिनबरा

‘लिंक्स’ म्हणजे समुद्रकाठचं गोल्फचं मैदान, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. तरीही सुरुवात समुद्रापासून लांब करावी. वेव्हर्ली स्थानकातून दक्षिणेला निघून ‘मेडोज’ नावाचं मोठं मैदान ओलांडलं की अर्ध्या तासाच्या चालीवर ब्रन्ट्सफील्ड लिंक्स लागते. तिच्याभोवती दगडी इमारतींच्या रांगा आहेत, वाळू कुठेही नाही, आणि समुद्र कित्येक किलोमीटर दूर आहे. मग हिला लिंक्स का म्हणायचं? उत्तर पायांनाच मिळतं. मेडोज एकदम सपाट आहे, कारण तिथे पूर्वी तळं होतं आणि अठराव्या शतकात ते उपसून कोरडं केलं. तिथून रस्ता ओलांडून ब्रन्ट्सफील्डवर पाऊल टाकलं की जमीन चढू लागते. खाचखळगे, छोटे उंचवटे, अंगावर गवत. शहराच्या जुन्या गायरानाचा हा उरलेला तुकडा आहे. त्यातले काही खड्डे जुन्या दगडखाणींचेही आहेत.

शब्दाचा मूळ अर्थ नेमका हाच आहे. जुन्या इंग्रजीत ‘ह्लिंक’ म्हणजे चढ, उंचवटा, जमिनीची वर आलेली कड. अँग्लो-सॅक्सन काळातल्या जमिनीच्या सनदांमध्ये गावाची हद्द सांगताना हा शब्द वारंवार येतो: अमुक ओढ्यापासून तमुक ह्लिंकपर्यंत. ‘झुकणे, कलणे’ या अर्थाच्या क्रियापदाशी त्याचं नातं असावं असं मानलं जातं. पुढे शब्दारंभीचा ‘ह्’ गळून गेला. दक्षिण इंग्लंडमध्ये शेवटच्या ‘क’चा ‘च’ झाला आणि उत्तरेत ‘क’ तसाच राहिला. दक्षिणेत चर्च, उत्तरेत कर्क. दक्षिणेत बेंच, उत्तरेत बिंक. त्याच चालीवर दक्षिणेत लिंच आणि उत्तरेत लिंक. ससेक्समध्ये लिंच नावाचं खेडंच आहे. डोंगरउतारावर पिढ्यान् पिढ्या नांगरट होऊन ज्या ताली तयार झाल्या, त्यांना तिकडे आजही ‘लिंचेट’ म्हणतात. डॉर्सेटमधल्या वर्थ मॅट्रव्हर्स गावाच्या परिसरात त्या ठळक दिसतात.

साखळीची कडी या अर्थाचा ‘लिंक’, ज्याच्यावरून आपण मोबाइलवर ‘लिंक पाठव’ म्हणतो, तो वेगळा शब्द आहे. तो नॉर्स भाषेकडून आला आणि दोघांचा उच्चार योगायोगाने एक झाला. त्यामुळे ‘समुद्र आणि शेती यांना जोडते म्हणून ती लिंक्स’ ही अनेक पर्यटन-पुस्तिकांमधली व्युत्पत्ती चुकीची आहे. ती पटकन पटते, कारण ही जमीन खरोखरच समुद्र आणि शेती यांच्या मधे असते. पण नाव पडलं ते तिच्या उंचसखल अंगावरून. ब्रन्ट्सफील्डला समुद्रही नाही आणि जोडायला शेतीही नाही, तरी नाव तेच आहे.

ब्रन्ट्सफील्डवर आजही गोल्फ चालतं. नगरपालिकेचा लहान पल्ल्याचा कोर्स आहे, उन्हाळ्यात ३६ होलचा आणि हिवाळ्यात ९ होलचा. (होल म्हणजे चेंडू घालायचा खड्डा, आणि तिथवरचा पल्लाही.) खेळायला पैसे पडत नाहीत. चेंडू, एक छोटा लोखंडी क्लब (चेंडू मारायची काठी) आणि एक पटर (चेंडू जमिनीवरून घरंगळवायचा क्लब) सोबत असला की झालं. मैदानातून लोक ये-जा करत असतात, त्यामुळे मारण्याआधी वाट मोकळी आहे ना हे बघणं ही खेळणाऱ्याची जबाबदारी.

दुपारी ट्रामने लीथकडे जावं. २०२३मध्ये ट्रामचा मार्ग न्यूहेव्हनपर्यंत वाढला, तेव्हापासून हे फार सोयीचं झालं आहे. ‘फूट ऑफ द वॉक’ थांब्यावर उतरून पूर्वेला दहाएक मिनिटं चाललं की लीथ लिंक्स येते. आज ती साधी सार्वजनिक बाग आहे: झाडांच्या रांगा, क्रिकेट, मुलांची खेळणी. गवतातले दोन मोठे उंचवटे मात्र बघून घ्यावेत, जायंट्स ब्रे आणि लेडी फाइफ्स ब्रे. १५६०च्या वेढ्यात तोफा ठेवायला हे ढीग रचले असं परंपरेने सांगतात. १६४५च्या प्लेगात मेलेल्यांना याच मैदानात पुरलं होतं. म्हणजे ही जागा कुणा एका खेळाची कधीच नव्हती. कवायत, गुरं, कपडे वाळत घालणं, शर्यती, वेढे आणि प्रेतं, सगळं इथेच. शेती होत नाही अशी गावाची सामाईक जमीन, हा ‘लिंक्स’चा दुसरा अर्थ इथे समजतो.

गोल्फचे लिखित नियम म्हणून आज जे सर्वांत जुने ज्ञात आहेत, ते १७४४मध्ये इथल्या स्पर्धेसाठी लिहिले गेले. एडिनबरा शहराने चांदीचा क्लब बक्षीस ठेवला होता आणि जॉन रॅट्रे या शल्यवैद्याने तो जिंकला. होल पाचच होते, ४१४ ते ४९५ यार्डांचे. नियम १३. शेवटचा नियम शब्दाच्या शोधात निघालेल्या माणसाने जरूर वाचावा. त्यात म्हटलं आहे की ‘लिंक्सच्या रक्षणासाठी’ केलेला चर, खंदक किंवा बांध हा अडथळा धरायचा नाही. चेंडू बाहेर काढून पुन्हा मांडावा. गोल्फच्या पहिल्या नियमावलीतच लिंक्स म्हणजे चर खणून जपायची जमीन आहे. खेळाच्या मैदानाला त्या शब्दात वेगळं नाव दिलेलं नाही.

दिवस दुसरा, शुक्रवार: मसलबरा, अ‍ॅबरलेडी, गलन

सकाळी बसने मसलबरा. इथली जुनी लिंक्स ९ होलची आहे आणि घोड्यांच्या शर्यतीच्या ट्रॅकच्या आत आहे. १६७२मध्ये इथे गोल्फ खेळल्याची नोंद जमाखर्चाच्या वहीत सापडते. १८७४ ते १८८९ या काळात ‘ओपन’ ही ब्रिटनची मोठी गोल्फ स्पर्धा इथे सहा वेळा झाली. होलचा व्यास ४.२५ इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर, तोही इथूनच आला. १८२९च्या सुमाराचं इथलं होल कापायचं यंत्र त्या मापाचं होतं आणि १८९१मध्ये सेंट अँड्र्यूज गावच्या गोल्फ क्लबच्या नियमांनी तेच माप सगळ्यांना लागू केलं. हिकरीच्या लाकडी दांड्याचे जुन्या पद्धतीचे क्लब भाड्याने मिळतात. ते घेऊनच खेळावं, कारण आधुनिक क्लबांना ही लांबी तोकडी पडते. शर्यतीच्या दिवशी गोल्फ बंद असतं. लोक इथेच फसतात, म्हणून आधी शर्यतींचं वेळापत्रक पाहावं.

मसलबऱ्यात फार वेळ घालवू नये. दिवसाचा खरा ऐवज पुढे आहे. नॉर्थ बर्विककडे जाणारी १२४ नंबरची बस अ‍ॅबरलेडी गाव सोडल्यावर लगेच खाडीकाठी थांबते. तिथे एक अरुंद लाकडी पूल आहे. पुलापलीकडची खाडी १९५२मध्ये राखीव झाली, ब्रिटनमधलं हे पहिलं स्थानिक निसर्ग-राखीव क्षेत्र. कुत्र्यांना बंदी आहे. भरतीची वेळ निघण्याआधी बघून ठेवावी. ओहोटीला वाळूत दुसऱ्या महायुद्धातल्या दोन छोट्या सराव-पाणबुड्यांचे सांगाडे उघडे पडतात, त्यांच्यापर्यंत चालत जायचा मोह होतो आणि परत येताना पाणी वाट अडवू शकतं.

पूल ओलांडून समुद्रापर्यंत जावं आणि मग पाठ फिरवून जमिनीकडे चालत यावं. लिंक्स कशी तयार होते याचा आडवा छेद तासाभरात पायाखालून जातो. गोल्फमध्ये रस नसलेल्यानेही ही चाल चुकवू नये.

सर्वांत पुढे भरतीची रेषा. तिथे वाहून आलेलं समुद्रशेवाळ कुजतं, त्याच्या आधाराने पहिली रोपटी धरतात आणि वाऱ्याने उडणारी वाळू त्यांच्याशी अडते. त्यामागे पांढऱ्या वाळूच्या उंच टेकड्या, मॅरम गवताच्या. मॅरमची पाती आतल्या बाजूला गुंडाळलेली असतात, त्यामुळे खाऱ्या वाऱ्यात त्यांचं पाणी टिकतं. वाळूने गाडलं की हे गवत वाळूतून पुन्हा वर येतं आणि मुळं-खोडांचं नवं जाळं पसरतं. वाळू साचायची थांबली की मात्र ते मलूल होतं. त्यामुळे टेकडी जितकी मागे, तितकं मॅरम विरळ. त्याच्या जागी शेवाळ, दगडफूल, रेड फेस्क्यू आणि अ‍ॅग्रोस्टिस जातीची बारीक गवतं येतात. पुढची वाळू पिवळसर पांढरी, मागची कुजलेल्या पाल्याने राखाडी. शिंपल्यांचा चुना पावसाने धुपून जातो तशी जमीन हळूहळू आम्लधर्मी होते. हा राखाडी, गवताने घट्ट बांधलेला, उंचसखल पट्टा म्हणजे लिंक्स. त्यामागे काळी माती आणि नांगरलेली शेतं.

स्कॉट लोक मॅरमला ‘बेंट’ म्हणतात. गलनच्या किनाऱ्यालाच ‘गलन बेंट्स’ असं नाव आहे. गोल्फची हिरवळ, म्हणजे होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत, सांभाळणारी माणसं मात्र अ‍ॅग्रोस्टिसला ‘बेंट’ म्हणतात. एकाच नावाची ही दोन अगदी वेगळी गवतं असल्यामुळे माहितीफलक वाचताना गोंधळ होतो.

एवढी वाळू आली कुठून? हिमयुग संपताना वितळत्या हिमनद्यांनी वाळू-गोटे समुद्रात लोटले. बर्फाचं ओझं उतरल्यावर स्कॉटलंडची जमीन वर येऊ लागली, आणि सुमारे साडेसहा हजार वर्षांपूर्वी कमाल पातळी गाठलेला समुद्र मग इथल्या किनाऱ्यावरून मागे सरला. उघडी पडलेली वाळू वाऱ्याने आत नेली. जुना किनारा आज पाण्यापासून आत आणि उंचावर दिसतो. बऱ्याच लिंक्स अशाच वर आलेल्या किनाऱ्यांवर पसरल्या आहेत.

कोकणच्या वाचकाला इथे पुळण आठवेल, आणि तुलना कामाची आहे. पुळणीवरही वाळू अडवणारी वनस्पती असते, आपली मर्यादवेल. पण त्यामागे गवताचा पट्टा तयार व्हायच्या आत माणूस माड लावतो, किंवा सुरूचं बन उभं राहतं. चार महिने धो धो पाऊस आणि मग आठ महिने कडक ऊन, यात फेस्क्यूसारखं थंड हवेचं बारीक गवत जगणार नाही. तिकडे वर्षभर थोडा थोडा पाऊस, थंडी, वारा आणि मेंढ्या आहेत. लिंक्सला यातलं सगळंच लागतं.

ही जमीन आपोआप टिकत नाही, हे गलनच्या पडक्या चर्चपाशी उभं राहिल्यावर पटतं. वाळू उडून चर्च सतत गाडलं जात होतं, म्हणून १६१२मध्ये संसदेच्या कायद्याने इथला पॅरिश, म्हणजे गावाच्या चर्चचा कारभार, शेजारच्या डर्लटन गावात हलवला. उत्तरेला मोरे प्रांतात १६९४च्या वादळात कुल्बिन नावाची सुपीक जहागीर वाळूखाली गेली. त्यानंतर लगेच १६९५मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने वाळूच्या टेकड्यांवरचं बेंट, जुनिपर आणि ब्रूम उपटायला बंदी केली. लोक ते छपरं शाकारायला आणि जळणाला नेत असत. गवताचं कवच एका जागी फाटलं की वारा तिथे शिरतो, भोक रुंद होत जातं आणि टेकडी मागच्या शेतांवर चालून जाते. आजही किनाऱ्यावर ठरलेल्या वाटा सोडून टेकड्या चढू नका असे फलक असतात, त्याचं कारण हेच.

उलटही बिघडतं. सशांनी गवत कुरतडून बारीक ठेवलेलं असतं. १९५३मध्ये ब्रिटनमध्ये मिक्सोमॅटोसिस हा सशांचा रोग आला, ससे मोठ्या प्रमाणावर मेले आणि अनेक टेकड्यांवर काटेरी झुडपं माजली. या किनाऱ्यावर सी-बकथॉर्नचा उपद्रव अजून चालू आहे. नारिंगी फळांचं हे झुडूप दिसायला सुरेख आहे, पण त्याची मुळं नत्र जमिनीत धरून ठेवतात. जमीन सकस झाली की नाजूक गवत आणि रानफुलं हटतात आणि नेटलसारख्या खाजऱ्या वनस्पती आणि झुडपांचं राज्य येतं. लिंक्सचा जीव तिच्या नापीकपणात आहे.

गलनपासून पुढे बसने नॉर्थ बर्विक. वेस्ट लिंक्सच्या कडेची वाट चालत जावी. १३व्या होलच्या हिरवळीसमोर जुनी दगडी भिंत आडवी आहे आणि चेंडू तिच्यावरूनच न्यावा लागतो. १५वा होल ‘रेडान’. नाव क्रिमियन युद्धातल्या किल्ल्यावरून. हिरवळ तिरकी आहे आणि पुढून मागे उतरते. थेट झेंड्यावर मारलेला चेंडू थांबत नाही, उजवीकडे टाकून जमिनीला तो वळवू द्यावा लागतो. जगभर याच्या नकला झाल्या आहेत. सपाट जमिनीवर माती ओतून केलेली नकल आणि हा मूळ उंचवटा, यांत फरक बघणाऱ्याला कळतो. एडिनबऱ्याला परतायला थेट रेल्वे आहे, अर्ध्या तासाहून थोडी जास्त.

दिवस तिसरा, शनिवार: फाइफ

फोर्थ पूल ओलांडून फाइफच्या किनाऱ्याने जाणारी रेल्वे पकडावी आणि मधे दोनदा उतरावं. बर्न्टआयलंड स्थानकाशेजारीच बर्न्टआयलंड लिंक्स आहे. उन्हाळ्यात तिथे जत्रा भरते, पाळणे लागतात, गोल्फ नाही. पुढे कर्काल्डीत ‘लिंकटाउन’ नावाची वस्ती आहे, आणि एप्रिलमध्ये समुद्राकाठच्या रस्त्यावर ‘लिंक्स मार्केट’ ही फार जुनी जत्रा लांबच लांब पसरते. इथे शब्द फक्त पत्त्यात उरला आहे, खालची जमीन दगड-डांबराखाली गेली. एखादा तास पुरे.

दुपारी बसने लेव्हन आणि लंडिन लिंक्स. दुसरं हे गावाचंच नाव आहे. लेव्हन आणि लंडिन मिळून पूर्वी एकच सलग कोर्स होता. मग दोन झाले, आणि हद्दीवरची दगडी भिंत अजून उभी आहे. चालण्याच्या हक्काबद्दल इथेच सांगून ठेवतो. २००३च्या स्कॉटलंडच्या भूमी-सुधारणा कायद्याने कुणालाही गोल्फच्या मैदानातून जबाबदारीने पलीकडे जाता येतं. अटी साध्या आहेत: हिरवळीवर पाय ठेवायचा नाही, बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, उतरायचं नाही, कुणी मारायच्या तयारीत असेल तर थांबायचं, आणि ‘फोर!’ अशी आरोळी ऐकू आली की वर न बघता डोकं झाकायचं. वर बघणाऱ्याच्या तोंडावर चेंडू बसतो.

मुक्काम सेंट अँड्र्यूजला. तिथे रेल्वे जात नाही. जवळचं स्थानक ल्यूखर्स, आणि तिथून ९९ नंबरची बस.

दिवस चौथा, रविवार: सेंट अँड्र्यूज

रविवार मुद्दाम निवडावा. या दिवशी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो, मोठ्या स्पर्धांचा अपवाद सोडून, आणि जगातलं सर्वांत प्रसिद्ध गोल्फचं मैदान गावाची बाग होतं. लोक मुलं, कुत्री घेऊन फिरतात. पहिल्या आणि अठराव्या होलच्या मधून ‘ग्रॅनी क्लार्क्स वाइंड’ हा सार्वजनिक रस्ता जातो, तो खेळाच्या दिवशीही चालू असतो. ही मेहेरबानी नाही, हक्क आहे, आणि त्याचा कागद १५५२चा आहे. आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांना लिंक्सच्या काही भागात ससे पाळायचे होते. गावाने परवानगी दिली. बदल्यात, गोल्फ, फुटबॉल, नेमबाजी आणि इतर खेळांचा गावकऱ्यांचा लिंक्सवरचा हक्क त्यांनी लेखी मान्य केला.

पुढे १७९७मध्ये कर्जबाजारी नगरपालिकेच्या हातून लिंक्स गेली आणि ती सशांच्या व्यापाऱ्यांकडे आली. बिळांनी मैदान चाळण झालं. गोल्फ खेळणारे आणि ससेवाले यांची कोर्टबाजी वर्षानुवर्षं चालली. १८२१मध्ये शेजारच्या स्ट्रॅथटायरमच्या जमीनदाराने, जेम्स चीप यांनी, ती विकत घेतली आणि खेळ वाचला. १८९४मध्ये कायदा करून गावाने ती परत मिळवली. १९७४पासून लिंक्स ट्रस्ट सगळे कोर्स सांभाळतो. मैदानाच्या कडेची दगडी वास्तू ज्या क्लबची आहे, त्याच्या मालकीचं मैदान नाही, हे अनेकांना इथे आल्यावरच कळतं.

चालताना सोळा-सतरा गोष्टी बघायचा हट्ट करू नये. तीन पुरेत.

पहिली, हिरवळी. १८ होलांपैकी १४ होल जोडीजोडीने सात मोठ्या हिरवळींवर आहेत, आणि प्रत्येक जोडीची बेरीज १८ येते: २ आणि १६, ३ आणि १५, असं ८ आणि १०पर्यंत. १, ९, १७ आणि १८ एकट्या. कारण इतिहासात आहे. जमीन अरुंद, त्यामुळे ११ होल जाताना आणि तेच येताना उलटे खेळून २२चा डाव होई. १७६४मध्ये सुरुवातीच्या चार छोट्या होलांचे दोन केले. जाता-येता दोन्हीकडे दोन-दोन कमी झाले आणि डाव १८चा झाला. जगभरच्या १८ होलांचं मूळ एका अरुंद वाळूच्या पट्ट्यात आहे. पुढे गर्दी वाढली तशी हिरवळ रुंद करून दोन होल कापले.

दुसरी, बंकर. वाऱ्याने फाटलेल्या, मेंढ्यांनी आडोशाला बसून खोल केलेल्या वाळूच्या खोबणी हे त्यांचं मूळ. आज त्या हाताने बांधतात. गवताची मुळांसकट कापलेली चकती आडवी ठेवायची, तिच्यावर दुसरी, सांधे एकावर एक येऊ न देता. प्रत्येक थर किंचित मागे सरकवायचा म्हणजे भिंत मागे रेलते. पाठीमागे माती ठोकून भरायची. ही भिंत चारपाच वर्षांत पुन्हा बांधावी लागते. दक्षिणेकडे तोंड असलेली सर्वांत आधी ढासळते, कारण तिच्यावर ऊन पडून गवत आणि माती सुकते. उत्तराभिमुख भिंत ओलसर राहते आणि जास्त टिकते. खेळणाऱ्याने इथे शहाणपण धरावं: चेंडू भिंतीला चिकटला असेल तर पुढे मारायचा प्रयत्न सोडून आडवा किंवा मागे काढावा. १४व्या होलच्या ‘हेल’ बंकरमध्ये हट्टाने किती फटके जातात याला मर्यादा नाही.

तिसरी, गवत. उन्हाळ्यात इथलं मैदान पिवळट, वाळकं दिसतं आणि नवख्याला वाटतं की निगा नाही. हीच निगा आहे. फेस्क्यूला खत आणि पाणी कमी लागतं, मुळं खोल जातात आणि जमीन टणक राहते. हिरवंगार दिसावं म्हणून पाणी आणि नत्र वाढवलं की ‘पोआ’ हे उथळ मुळांचं एकवर्षी गवत शिरतं. मग जमीन मऊ होते, मेलेल्या काड्यांचा स्पंजासारखा थर साचतो, थंडीत बुरशी लागते, आणि फेस्क्यू परत आणायला वर्षं जातात. टणक जमिनीवर चेंडू उंच मारून थांबवता येत नाही. तो बुटका मारून हिरवळीच्या बराच अलीकडे टाकायचा आणि पळू द्यायचा. तीस यार्डांवरूनही पटर हातात घ्यावा. वाऱ्यात हा फटका सर्वांत भरवशाचा.

खेळायचंच असेल तर ओल्ड कोर्सची सोडत आहे: किमान दोघांचा गट, हँडिकॅपचा (खेळातल्या पातळीचा) दाखला, आणि खेळायच्या दोन दिवस आधी दुपारी दोनपूर्वी नाव.  सोडत नाही लागली तर शेजारचा १८९५चा न्यू कोर्स त्याच वाळूवर आहे.

संध्याकाळी वेस्ट सँड्सच्या टेकड्यांवर मॅरम रोवलेल्या ओळी आणि वाळू अडवायची कुंपणं बघावीत. समुद्र आणि पहिल्या फेअरवेच्या (होलकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) मधे एवढीच भिंत आहे.

दिवस पाचवा, सोमवार: ल्यूखर्स ते अ‍ॅबरडीन

रेल्वेत उजवीकडच्या खिडकीशी बसावं. टे नदीचा पूल आणि डंडी मागे पडलं की बॅरी लिंक्स येते, वाळूच्या टेकड्यांचं त्रिकोणी टोक. बहुतेक भाग लष्कराच्या सरावासाठी आहे. लाल झेंडा वर असला की प्रवेश बंद. ‘बॅरी लिंक्स’ नावाचं स्थानक ब्रिटनमधल्या सर्वांत कमी प्रवाशांच्या स्थानकांत मोडतं, तिथे मोजक्याच गाड्या थांबतात, म्हणून तिथे उतरायचा बेत करू नये. लगेच कार्नूस्टी. १९९९मध्ये याच्या अठराव्या होलवर, बॅरी बर्न या ओढ्यात, ज्याँ व्हान द व्हेल्ड यांची हातातली ओपन गेली. पुढे माँट्रोजला समुद्र लिंक्सचा काठ खात आहे. तिथे खेळायच्या जागा मागे घ्याव्या लागल्या आहेत. मागे सरकायला पलीकडे गाव आहे, त्यामुळे प्रश्न कठीण आहे.

अ‍ॅबरडीनला शहर आणि समुद्र यांच्या मधे किंग्ज लिंक्स आणि क्वीन्स लिंक्स आहेत. एकीवर गोल्फ, दुसरीवर दुकानं आणि सिनेमागृह. हरवलेला चेंडू पाच मिनिटंच शोधायचा हा नियम इथल्या गोल्फ मंडळाने १७८३मध्ये केला. दोनशेहून अधिक वर्षं तो जगभर चालला आणि २०१९मध्ये तीन मिनिटांवर आला.

शेवटचा टप्पा उत्तरेकडची ऑर्कनी बेटं. अ‍ॅबरडीन ते तिथल्या कर्कवॉल गावाची बोट रोज नसते, काही ठराविक वारीच संध्याकाळी निघते आणि रात्री उशिरा पोचते. सोमवारी मुक्काम करून मंगळवारची बोट धरावी, आणि कर्कवॉलची खोली आधी ठरवताना रात्री अकरानंतर पोचणार हे सांगून ठेवावं.

दिवस सातवा, बुधवार: वेस्ट्रे

कर्कवॉलहून वेस्ट्रे बेटाच्या रॅपनेस धक्क्यापर्यंत बोटीला सुमारे दीड तास लागतो. तिथून बसने बेटाच्या दुसऱ्या टोकाचं पायरोवॉल. आधी तिथलं छोटं वारसा केंद्र बघावं. चार सेंटिमीटरहून किंचित मोठी एक दगडी आकृती तिथे ठेवली आहे: चेहरा, भुवया, अंगावर कोरलेल्या रेषा. २००९मध्ये ती सापडली. वय सुमारे पाच हजार वर्षं. स्कॉटलंडमध्ये सापडलेली ही माणसाची सर्वांत जुनी कोरीव प्रतिमा मानतात. ती जिथे सापडली त्या जागेचं नाव ‘लिंक्स ऑफ नोल्टलंड’.

पायरोवॉलपासून पश्चिमेला चालत जाता येतं. वाटेत बंदुकीच्या भोकांनी भरलेला नोल्टलंडचा किल्ला लागतो. पुढे वाळू, गवत आणि वारा. ‘नोल्ट’ म्हणजे गुरं. इथे नवाश्मयुगीन आणि कांस्ययुगीन घरं निघाली, आणि एका घराच्या पायाच्या भिंतीत गुरांच्या कवट्या ओळीने बसवलेल्या सापडल्या. नाव त्या लोकांनी दिलेलं नाही, ते हजारो वर्षांनी नॉर्स-स्कॉट लोकांनी दिलं. गुरं मात्र दोन्ही काळांत होती.

ही वस्ती वाळूने गाडली म्हणून टिकली, आणि वाळू उडाली म्हणून उघडी पडली. गवताचं कवच जिथे तुटतं तिथून वारा वाळू उपसत जातो आणि खालचे दगड, हाडं, खापरं उघड्यावर येतात. उघडी पडलेली हाडं काही हिवाळ्यांत भुगा होतात. म्हणून इथलं उत्खनन घाईने, वाऱ्याच्या पुढे राहायच्या धडपडीत झालं. गलनला चर्च गाडणारी आणि इथे घरं उघडी करणारी प्रक्रिया एकच आहे. सेंट अँड्र्यूजला मॅरम रोवून जी थोपवतात तीही हीच.

उत्खनन चालू नसेल तेव्हा जागेवर फलकांपलीकडे फारसं दिसत नाही, म्हणून संग्रहालय आधी. उघडे दगड, हाडं, खापरं काहीही उचलू नये. वस्तू कुठल्या थरातून आली हे कळलं नाही तर तिची अर्धी माहिती जाते. वाटेने चालावं, टेकडीच्या कडेवर उभं राहू नये, ती पायाखाली सुटते आणि तिथूनच पुढची फाट सुरू होते. पावसाळी जाकीट आणि वारा अडवणारी टोपी जूनमध्येही लागते. रॅपनेसकडे परतणारी बस बोटीच्या वेळेशी जुळवलेली असते. ती चुकली तर त्या दिवशी दुसरी मिळेलच असं नाही, म्हणून पायरोवॉलला उतरतानाच चालकाला परतीची वेळ विचारून घ्यावी.